उरलेली चार भजी

सोमवार, संध्याकाळ

डॉक्टर म्हणाले, हृदयाला धोका आहे, रोज चाला, तळलेलं बंद करा. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "दिवसभर पायावरच असतेस, तुला कसलं आलंय वॉकिंग?"

आणि चहानंतर सासूबाईंनी ताटलीत उरलेली चार भजी नेहमीसारखी माझ्यापुढे सरकवली. "संपवून टाक गं, वाया जातील."

लग्न झाल्यापासून या घरातलं उरलंसुरलं मीच संपवतेय. मी काय कचऱ्याचा डबा आहे?

भजी तशीच ठेवली. लेकीचे बूट घातले आणि केबिन रोडच्या टोकापर्यंत चालून आले, गर्दीतून, ऐटीत.

परत येऊन बघते तर भजी ओट्यावर झाकून ठेवलेली. माझ्यासाठीच.

आज ती खऱ्या डब्यात टाकली. झाकण मुद्दाम आपटलं, बाहेर टीव्हीसमोर ऐकू जाईल असं.