परोपकाराची हजेरी

चैत्र शु. १, शके १८४१
पाडवा. कार्तिकातल्या तापाच्या साथीत ही गेली, म्हणून यंदा गुढी नाही. त्याचे फारसे वाटले नाही. मी आता सावरलो आहे. दोन निश्चय केले. एक: शाळेतल्या अकरा मुलांनी रोज कोणाचे तरी एक काम मोबदल्याशिवाय करायचे आणि सकाळी हजेरीला सांगायचे. तालुक्याच्या मोठ्या शाळेतही फक्त लिहिणे आणि हिशेब शिकवतात. परोपकार मलाच शिकवावा लागणार. दोन: उद्यापासून घरची चूल पेटवायची.

शु. ३
चूल राहिली. लाकडे ओली वाटतात.
पहिली हजेरी. सटवाने म्हशीला पाणी पाजले. घरचे काम धरता येत नाही, असे समजावले. म्हणाला, म्हैस चुलत्याची हाय, अन् चुलता आमच्याशी बोलत न्हाई. धरले. चौघांनी मिळून साखराबाईंचा रांजण भरला. तो आधीच भरलेला होता. पाणी वाहून त्यांच्या गोवऱ्या भिजल्या. बाई शाळेच्या दारात येऊन म्हणाल्या, मास्तर, तुमचं पुण्य तुमच्या घरी न्या. सुरुवातीला असे व्हायचेच.
हरिबा मेंढक्याचा म्हाळू मात्र गप्प. काम केलेस का? केलं. कोणाचे? सांगायचं न्हाई.

शु. ६
नदीवरून येईपर्यंत रोजच्यासारखी दाराजवळच्या कोनाड्यात भाकरी होती, फडक्यात बांधलेली. गावाने मास्तराचा मान राखला आहे. ही होती तोवर शिधा येई, आता तयार भाकरी येते. पाटलांनी कोतवालाला सांगून ठेवले असावे. शाळेचा व्याप वाढल्यामुळे ते सोयीचे पडते. चूल पौर्णिमेपासून.
म्हाळूचे उत्तर तेच. खोटे बोलतो, दुसरे काय?

शु. ९
हिचे लुगडे दोरीवरून काढायचे ठरवले होते. वेळ मिळाला नाही.

शु. ११
म्हाळूला दुपारपर्यंत उन्हात उभे केले. सटवा मध्येच उठला. म्हणाला, त्याला का म्हून उभं केलं मास्तर, आमी बी तर... आणि जीभ चावून खाली बसला. सगळी मुले जमिनीकडे बघत होती. मी कडक राहिलो. त्यांच्याच भल्यासाठी.

शु. १२
भाकरी आली नाही. गावाची शिस्त ढासळत चालली आहे. फुटाणे खाल्ले. म्हाळू गैरहजर.

शु. १३
तक्रार करायला हरिबाच्या घरी गेलो. हरिबा रानात होता. म्हाळू तापाने पडलेला, आणि त्याची आई कडूबाई त्याच्या तळपायांना कांदा चोळत होती. मी काही बोलायच्या आत तीच बोलली. दुखवट्याच्या घरची चूल पेटेस्तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भाकरी द्यायची असती, तुमाला म्हाईत न्हाई व्हय मास्तर? लोकांची तेरा दिवसांत पेटती. तुमची पाच महिने झालं पेटंना. मग पोरांनीच वार वाटून घेतले. दिल्यालं बोलून दाखवू नये, हे मीच त्याला सांगितलंया. काल त्याचा वार होता.
म्हणजे कोतवालाचा काही संबंध नाही.
म्हाळूने डोळे उघडून विचारले, मास्तर, काल काय खाल्लं?
पोटभर जेवलो, असे सांगितले.

पौर्णिमा
म्हाळूचा ताप उतरला. आज हजेरीत कोणालाही काम विचारले नाही.
घरी येऊन लाकडे फोडली. चुलीपाशी बसलो. आत कार्तिकातली राख आहे, हिने शेवटच्या भाकरी केल्या त्या दिवसाची. कडेला हिने फुंकणीने सारलेला कोळसाही तसाच आहे. राख काढल्याशिवाय चूल पेटणार नाही. सुपली हातात घेऊन बराच वेळ बसलो.
सटवा फडके घेऊन दारात आला. त्याने चुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाला, राहू द्या मास्तर. आमी हाव की.
राहू दिली.