भाषणाच्या आधीचं

शहादा,
रविवार, दुपार

प्रिय दीपमाला,

माझं पत्र पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, की या सुकलाल काकाला फोन करता येत नाही का? येतो. पण फोनवर मी मूळ मुद्दा सोडून हवापाण्यावर बोलत बसतो, आणि तू शाळेतली बाई, वर्गावर जाण्याच्या घाईत असतेस. शिवाय मला आता डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या कानात आवाज भरला, आता स्वतःच्या कानाला यंत्र लावायची पाळी आली, असं तुझी काकू सिंधुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगते. ती मजेत आहे. यंदाची पपई चांगली आली आहे, आणि एसटी स्टँडमागच्या दुकानावरची 'सुकलाल साउंड सर्व्हिस' ही पाटी मी अजून उतरवलेली नाही, एवढी खबरबात आधी देऊन टाकतो.

चंदनने नाशिकला पाठवलेला कागद तुला मिळाला असेल. त्यावर सही करण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, एवढी विनंती आहे. चंदन पक्षाचं काम बघतो, पोरगा वाईट नाही, फक्त फार पळतो. त्याने मला सगळं समजावून सांगितलं. तुझ्या वडिलांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरला ऐकवायच्या, मग कॉम्प्युटर हुबेहूब लोटनरावांच्या आवाजात नवं भाषण करणार, आणि येत्या निवडणुकीत ते गावोगाव वाजणार. माणूस जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आता तो पुन्हा मतं मागणार! मी म्हटलं, घरच्यांची परवानगी? तर म्हणाला, दीपमालाताईंना फोन केला होता, त्या म्हणाल्या, त्यांचा आवाज तसाही लोकांचाच होता, घेऊन जा. हे ऐकून मला वाईट वाटलं. तू बोललीस ते खोटं नाही, म्हणून जास्तच वाटलं.

लोटन लोकांचा झाला तो आमदार होण्याच्या कितीतरी आधी. रेडिओवर दर रविवारी त्याचा भुरा तात्या यायचा, आठवतं? बायकोला घाबरणारा, बैलाशी गप्पा मारणारा शेतकरी. नाटक लिहिणाऱ्याने दोन वाक्यं लिहिली की लोटन पदरची चार घालायचा, आणि सगळं आपल्या अहिराणीत. रनाळ्याला तुमच्या ओट्यावर तो लाकडी पेटीचा रेडिओ ठेवलेला असायचा आणि समोर अर्धं गाव. तुझी आई सुंदरबाई आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत असायची आणि भुरा तात्याने बायकोची चहाडी केली की चुलीपासूनच ओरडायची, "ये घर, मंग दखस तुले!" बाहेर लोक रेडिओला हसायचे त्यापेक्षा तिला जास्त हसायचे. तो रेडिओ आता माझ्याकडे आहे. घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा तू फोनवरच म्हणालीस, भंगारात द्या. मी दिला नाही. त्याची एक नळी गेली आहे, सुरतेला सांगून ठेवली आहे.

मग नाटक कंपनी आली आणि मग सभा आल्या, आणि दोन्हीकडे आवाजाचं काम माझंच. पक्षाने त्याला उभं केलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. म्हटलं, लोक भुरा तात्याला हसतात, मत कोण देईल? पण पहिल्याच सभेत तो उभा राहिला, "भाऊस्वन" म्हणाला आणि पुढे काही न बोलता नुसता बघत राहिला. समोरची हजार माणसं आपोआप गप्प झाली. थांबावं कधी हे त्याला कळायचं. माझ्या ॲम्प्लिफायरला टेपरेकॉर्डर जोडून मी त्याची भाषणं भरून घ्यायला लागलो ते त्याच दिवसापासून. एकूण त्रेसष्ट कॅसेटी आहेत. कार्यकर्त्यांनी त्यांच्या किती नकला भरून नेल्या याची गणतीच नाही. लग्नात, पानटपरीवर, ट्रॅक्टरवरसुद्धा त्याची भाषणं वाजायची.

तुझी त्या भाषणांशी सोयरीक नव्हती, हे मला माहीत आहे. घरातला माणूस गावभर ऐकू येतो आणि घरात नसतो, हे पोरीला किती लागतं ते मी सुंदरबाईकडून ऐकलेलं आहे. तुझ्या बारावीच्या परीक्षेत तो मुंबईला होता. तुझ्या लग्नात अक्षता पडल्या आणि तासाभरात त्याची जीप निघाली. आणि सुंदरबाई गेली त्या दिवशी तो धडगावला भाषण करत होता. मी त्याच्यासोबत होतो. निरोप पोचेपर्यंत उशीर झाला, घाटात गाडी अडकली, हे सगळं खरं असलं तरी त्याबद्दल मी त्याची बाजू घेणार नाही. तिचं दुखणं त्याला ठाऊक होतं. त्याने त्या दिवशी जायला नको होतं. त्यानंतर तू त्याच्याशी कामापुरतं बोललीस, आणि पुढे तेही थांबलं. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट सांगतो. कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये घ्यायला चंदनने एक मुलगी पाठवली, रिना नावाची. तोरणमाळची, धनसिंग पावरांची लेक. शहाद्याला खोली घेऊन कॉम्प्युटरचं शिकते आणि सोबत हे काम करते. अंगाने काडी, पण कामाला पक्की. मी तिला नकलांचा गठ्ठा पुढे केला तर म्हणाली, नक्कल नको, मूळ कॅसेट द्या, तिचा आवाज जास्त स्वच्छ. मला मनातून बरं वाटलं, कारण हे माझंच म्हणणं, चाळीस वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं. कपाटातल्या मूळ कॅसेटी काढून दिल्या. ती कानाला हेडफोन लावून बसायची आणि मी कोपऱ्यात डुलक्या घ्यायचो. तिसऱ्या दिवशी तिने हेडफोन काढला आणि विचारलं, "काका, ही माला कोन? हे साहेब दर टेपला आधी तिलाच का बोलावते?"

मी म्हटलं, कुठली माला? ते होय, ते काही नाही, माइक तपासणं आहे ते. आणि म्हणून झाल्यावर ही माला म्हणजे तू, हे ध्यानात आलं. मी खुर्चीत सरळ बसलो.

तुला सारंगखेड्याची जत्रा आठवते? तू सात वर्षांची होतीस, कंपनीचा तंबू घोडेबाजाराच्या कडेला लागला होता. मी तंबूच्या चारही बाजूंना कर्णे बांधायचो, पण शेवटच्या कर्ण्यापर्यंत आवाज पोचतो की नाही हे बघायला कोणाला उभं करावं, तर जो तो बाजार बघायला पळालेला. तूच म्हणालीस, मी उभी ऱ्हास. मग पार शेवटच्या कर्ण्याखाली तुला उभी केली. लोटन रंगमंचावर आला आणि दुसरे लोक हॅलो हॅलो करतात तसं न करता माइकमधे म्हणाला, "माला, जेवनी का?" आणि तू तिथून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडलीस, "हाऽऽ, जेवनू!" घोडेवाले हसले. लोटनने मला हात केला, उघड पडदा. ती जत्रा संपेपर्यंत रोज आमचं तपासणं असंच झालं.

मग तुझ्या शाळेचा अभ्यास वाढला, तू येईनाशी झालीस. पण त्याने विचारणं सोडलं नाही. नाटकं संपली, सभा सुरू झाल्या, आमदारकी आली, गेली, पुन्हा आली, आणि प्रत्येक सभेआधी रिकाम्या मैदानात तो माइकपुढे जाऊन आधी तुलाच हाक मारायचा. मी टेप आधीच सुरू करून ठेवायचो, आवाज किती चढवायचा ते ठरवायला. माझं सगळं लक्ष त्या मीटरच्या काट्यावर. तो काय म्हणतो हे मला ऐकू यायचं, पण मी ते ऐकत नव्हतो. आणि नक्कल करताना हा भाग मी न चुकता सोडून द्यायचो, थेट "भाऊस्वन"पासून घ्यायचो. आमच्या धंद्यात सगळे तसंच करतात.

रिनाला मी म्हटलं, मला ते सगळे तुकडे एकामागे एक ऐकव. उजव्या कानाला हेडफोन दाबून धरला. अगं, तो दर वेळी तेच नव्हता विचारत, कधी शाळेचं, कधी परीक्षेचं. "माला, शायमा गयी का?" "माला, पेपर कसा गया?" एका ठिकाणी, मला वाटतं तुझ्या लग्नाच्या पुढच्याच आठवड्यातली सभा, "माला, सासरी सुखमा शेस ना?" धडगावच्या कॅसेटवर, "माला, मायले औषध दिनं का?" तेव्हा सुंदरबाई असेल की नसेल देव जाणे. तुमच्या सुयोगच्या वेळी, "पोऱ्याले दात उनात का?" तेव्हा मला बातमीच नव्हती तुला मुलगा झाल्याची, आणि कॅसेट माझ्याच कपाटात. रिना माझ्याकडे बघत होती. म्हणाली, माझे बा ऊसतोडीला गुजरातला जाते, तेपण फोन लावला की आधी हेच विचारते. मी चहा आणायला म्हणून बाहेर गेलो आणि स्टँडवर जाऊन बसलो.

आता मुख्य गोष्ट लिहितो, जी फोनवर मला जमली नसती. लोटनच्या तेराव्याला तू मला ओट्यावर गाठून विचारलं होतंस, "काका, तुमच्या एवढ्या कॅसेटी आहेत, एखाद्या भाषणात तरी माझं नाव आहे का?" आणि मी विचार करून, मनातल्या मनात सगळी भाषणं चाळून, मोठ्या खात्रीने म्हणालो, नाही बेटा, एकाही नाही. खोटं बोललो नव्हतो. माझ्या लेखी भाषण "भाऊस्वन"पासून सुरू होतं, त्याच्या आधीचं काही भाषण नाही. तू हसलीस, बरं म्हणालीस, आणि भांडी मोजून द्यायला आत गेलीस. त्यानंतर तू रनाळ्याला आली नाहीस. माझ्या एका 'नाही'ने एकोणीस वर्षं गेली, दीपमाला. त्याची माफी मागायला हे पत्र लिहिलं. कागदावर सही कर किंवा फाडून टाक, तू म्हणशील तसं मी चंदनला सांगेन, कपाटाची किल्ली माझ्याच कनवटीला आहे. पण भाषणाच्या आधीचं चंदनला देणार नाही, रिनालाही तसं सांगितलं आहे. ते सगळं एका कॅसेटवर उतरवून या पत्रासोबतच्या खोक्यात घातलं आहे. तुझ्याकडे टेप नसणार म्हणून माझा लहान टेपही पाठवतो, सेल नवे आहेत, डावीकडचं बटण जरा जोरात दाबायचं. रिना म्हणत होती, मधल्या रिकाम्या जागा काढून टाकू का? मी म्हटलं, हात लावायचा नाही. कारण तो दर वेळी विचारून थांबतो. मला इतकी वर्षं वाटायचं, आवाज घुमतो का ते बघतो आहे. शेवटच्या सभेच्या वेळी तुमचं बोलणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तेव्हा आवाज येतो आहे का एवढंच विचारतो, "माला, आवाज ई ऱ्हायना का?" आणि थांबतो. मी घड्याळ लावून मोजलं, अकरा सेकंद. मग खोकतो आणि मला म्हणतो, चाल सुकलाल, सुरू कर. तू ही कॅसेट घरात एकटी असताना लाव. आणि त्या अकरा सेकंदांत, जमलं तर, शेवटच्या कर्ण्याखालून द्यायचीस तसं एकदा उत्तर दे.

तुझाच, आता एका कानाचा,
सुकलाल काका