कोसळण्याची तालीम

प्रिय धाकटे,

सरांच्या खुर्चीत बसलीस, अभिनंदन. वर्तमानपत्रातल्या फोटोत हनुवटी अगदी त्यांच्यासारखी वर धरली आहेस. लहानपणी कडू औषध टाळतानाही अशीच धरायचीस.

सरांचं मोठेपण मी नाकारत नाही. एका पडक्या गोदामात त्यांनी नाटक उभं केलं आणि आज कुठल्याही रंगमंचावर त्यांच्या हाताखालचा एक तरी नट असतोच. चालायला शिकवायचे डोक्यावर पाण्याची परात देऊन, रडायला शिकवायचे रडू न देऊन. नाट्यशास्त्रात करुण रसाला अश्रू लागतात. सर म्हणायचे, ते प्रेक्षकाने घरून आणायचे. इथवर मीही त्यांचा भक्त. पण ते मूर्च्छेचं प्रकरण मला कधी पचलं नाही. तालीम रंगात आली की सर मधेच धाडकन कोसळायचे. जो मदतीला हलला, त्याची भूमिका गेली. प्रसंग मोडायचा नाही. एकदा तू त्यांना ओलांडून पुढचं वाक्य घेतलंस आणि त्यांनी पडल्यापडल्याच 'शाबास' म्हटलं, हे तू घरी किती कौतुकाने सांगितलं होतंस.

गेल्या महिन्यात तालमीत सर खरोखरचे पडले, तेव्हाही प्रसंग मोडला नाही. फार सुरेख झाला म्हणे. माझी लेक तेवढी धावली. "आत्या, सरांचे ओठ बघ," म्हणाली, आणि तू तिचं मनगट धरून, भूमिकेतल्याच आवाजात, तिला जागेवर पाठवलंस. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. सरांचे अंत्यसंस्कार उरकले आणि तिची भूमिका गेली. नियमाला सुतक नसतं.

तू ढोंग केलं नाहीस, शिकवलेलं केलंस, हे मला कळतं. म्हणून इतके दिवस गप्प होतो.

परवा मी स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर घसरलो. कंबर अशी धरली की हाकही फुटेना. लेक दारापर्यंत धावत आली आणि थांबली. पाऊल पुढे पडेना. मान तिरकी करून माझ्या छातीकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "बाबा, खरंच?" धाकटे, त्या दिवशी धावली तेच बरोबर होतं, हे मी तिला सांगून थकलो. म्हणते, तुम्हाला नाटकातलं कळत नाही. तुला कळतं. तेव्हा ये, आणि तिच्या डोळ्यांत बघून तूच सांग. नुसतं आत्याने सांगून भागणार नाही; त्या खुर्चीतल्या बाईने सांगायला हवं.

तुझाच, सध्या भिंत धरून चालणारा,
दादा