विधवेनं हसू नये म्हणे

नाशिक, १९९९

ती. दादा,

कुसाचा नमस्कार. मी ठणठणीत आहे.

विधवा बाई सकाळी बागेत चारचौघांत खदाखदा हसते, हे येवल्यापर्यंत पोचलं म्हणे. खरंय. आमचा हास्यक्लब आहे. हात वर करून सगळ्यांनी एकदम हसायचं. पहिल्या दिवशी हसता हसता मला रडूच फुटलं. कुणी काही विचारलं नाही, माझ्याभोवती हसतच राहिले. त्या रात्री मी गोळी न घेता झोपले.

तू लिहितोस, बंद कर. नाही करणार!

वहिनी गेल्यापासून तू मागावर बसत नाहीस, असं तुझी लेक संध्या सांगते. जेवतोस ना नीट? रविवारच्या एसटीनं ये. सोमवारी सकाळी तुला माझ्याशेजारी उभं करते. हसू नाही आलं तर रड. तिथे चालतं.

तुझी हट्टी बहीण,
कुसा