डोंगरातल्या तांबड्या बिअरची नक्कल आणि माझं घर

मी, मंगल जगन्नाथ ढोबळे, वय बावन्न, मूळ गाव करमाळा, हल्ली राहणार अल्फारेटा, जॉर्जिया, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अकलेने आणि कोणाच्या दबावाला न जुमानता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी शाळा सातवीत सुटली. कायद्याचे शब्द माझी मैत्रीण शैलजा हिने वकिलाच्या कागदावरून वाचून दाखवले तेवढे घेतले, बाकीचे माझे आहेत. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतो, काळजी करू नका. त्याला बोलायला काय जातं, कापणार मला आहेत.

कलम १. मी याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात घर विकून सगळे पैसे मांजरांच्या निवाऱ्याला द्यावेत असं होतं. मला मांजरं आवडत नाहीत. घर माझी मुलगी रुही हिला मिळू नये, एवढाच त्यामागे हेतू होता. रुहीचं म्हणणं असं की तिच्या बाबाला मी माझ्या जिभेने घराबाहेर काढलं, आणि ती दुसरी बाई त्याच्या आयुष्यात नंतर आली. असं म्हणणाऱ्या पोरीपेक्षा मांजर बरं, असं मला वाटलं. आता ते का बदललं ते पुढे लिहिते. हा कागद उघडणाऱ्याने मधलं सोडून एकदम घराच्या कलमावर उडी मारू नये.

कलम २. देवदत्त, माझा पूर्वीचा नवरा आणि सख्ख्या आत्याचा मुलगा, याला काहीही देऊ नये. आत्याने मला मागून घेतली तेव्हा त्याला नोकरी नव्हती आणि माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं, तेव्हा मी चालले. तो कॉम्प्युटरमध्ये शिरून अमेरिकेत आला, मग मी कमी पडायला लागले. पार्टीत ओळख करून द्यायचा, "ही मंगल, घर सांभाळते." एकदा एकाने त्याला विचारलं, आणि आपण? मी म्हटलं, हे मला सांभाळायला लावतात. आत्याने लग्नात घातलेल्या पाटल्या त्याने घटस्फोटानंतर परत मागितल्या होत्या. त्या रुहीला द्याव्यात. मोडून खाल्ल्या तरी हरकत नाही, त्याच्या हातात जाता कामा नयेत.

कलम ३. गराजमधलं बिअर करायचं सामान, म्हणजे मोठं पातेलं, शेगडी, आंबवायची पिंपं, तयार बिअर भरायचे स्टीलचे केग आणि जुना फ्रिज. हे कोणाला, ते सांगण्याआधी हे आलं कुठून ते सांगते.

हे खूळ देवदत्तचं. ऑफिसातल्या लोकांचं बघून घरी बिअर करायचं ठरवलं आणि सामान आणलं. पहिलं पिंप उतू जाऊन गराजच्या छतापर्यंत फेस गेला तेव्हा साहेब टीव्ही बघत होते. या धंद्यात बनवणं थोडं आणि धुणं फार. धुणं आलं की माझं नाव आलं. त्याचा मित्र गिरीश याला त्यातलं शास्त्र येतं. कोणता माल्ट म्हणजे मोडाचं धान्य, कोणतं यीस्ट म्हणजे विरजण, किती उकळायचं, ते गिरीश सांगायचा आणि मी करायची. आणि मी बिअर पिते. जेवताना एक ग्लास, उघड. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांसारखी चहाच्या मगात वाइन ओतून हळदीकुंकवाला बसत नाही.

मग ठरलं की दुकानातल्या एखाद्या बिअरची हुबेहूब नक्कल करायची. गिरीशने तेव्हाच बजावलं होतं. "देवा, जी कोपऱ्यावरच्या दुकानात ताजी मिळते तीच निवड. आपली आणि त्यांची शेजारी शेजारी ठेवून प्यायल्याशिवाय काय चुकलं ते कळत नाही. लांबची निवडलीस तर नुसत्या आठवणीवर भांडत बसशील." देवदत्तने ऐकून घेतलं आणि निवडली ती उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका छोट्या ब्रुअरीची तांबडी बिअर. ती बाटलीत मिळत नव्हती, कॅनमध्ये मिळत नव्हती, कुठल्या दुकानात पाठवतही नव्हते. तिथल्या नळाखाली काचेचा जग धरायचा आणि घरी आणायचा, एवढाच मार्ग.

गिरीश म्हणाला, "अरे, दर वेळी सँपलसाठी डोंगर चढणार का तू?"

देवदत्त म्हणाला, "चॅलेंज पाहिजे यार."

मग दर शनिवारी सकाळी दाढी करून, सेंट मारून चॅलेंज घ्यायला निघायचा आणि अंधार पडल्यावर जग घेऊन यायचा. आम्ही केलेली चाखायचा आणि मान हलवायचा. कधी म्हणे कडवटपणा कमी. कधी म्हणे त्यांच्यात मागून भाजक्या ब्रेडचा वास येतो, आपल्यात कुठे आहे? "अजून जमली नाही, मंगल. पुढच्या शनिवारी परत आणतो." मीही मूर्ख, वास यावा म्हणून माल्ट कढईत भाजत बसले.

एका रविवारी गिरीशने स्टीलचे तीन ग्लास मांडले, म्हणजे रंग दिसायला नको. दोन ग्लासांत आमची, एकात डोंगरातली. बुडाला पेन्सिलने खुणा केल्या. त्या मला आणि गिरीशला माहीत. देवदत्तला सांगितलं, खरी कोणती ते दाखव. त्याने तिन्ही चाखल्या, परत चाखल्या, आणि एका ग्लासावर बोट ठेवलं. "ही. ही त्यांची. बघ, हिला म्हणतात बिअर. तुमची अजून कितीतरी लांब आहे."

तो ग्लास आमचा होता.

मी म्हटलं, ही आपली आहे. तो म्हणाला, तू ग्लास बदललेस, तुला हरायला येत नाही. मी गिरीशकडे बघितलं. गिरीशने चकली उचलली आणि म्हणाला, "वहिनी, चकली मस्त झालीय." चकली विकतची होती.

पुढच्या शनिवारी देवदत्त नेहमीप्रमाणे निघाला. मी शैलजाला म्हटलं, गाडी काढ. डोंगरात पोचलो. आत गेलो तर देवदत्त गिऱ्हाइकाच्या बाजूला नव्हताच. काउंटरच्या आतल्या बाजूला, कलम १ मधल्या त्या दुसऱ्या बाईच्या शेजारी उभा राहून फडक्याने ग्लास पुसत होता. घरात स्वतःचा कप कधी विसळला नाही त्याने. माझ्या जिभेबद्दल गावभर बोलणाऱ्यांनी हे लिहून घ्यावं, त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. घरी येऊन त्याच्या बॅगा भरून दाराबाहेर ठेवल्या.

रुही तेव्हा कॉलेजात होती. तिला फोन त्याने आधी केला. "तुझ्या आईला संशयाचा रोग आहे, मी फक्त बिअर आणायला जात होतो." मी सांगितलं ते तिने ऐकलं आणि इंग्लिशमध्ये उत्तर दिलं. शैलजाने सांगितलं तर म्हणे, शैलजामावशी तुझीच मैत्रीण आहे.

कलम ४. मृत्युपत्र बदलायचं कारण. रुही आता बेलव्ह्यूला नोकरीला आहे आणि नोव्हेंबरात तिचं कबीरशी लग्न आहे. मुलगा बरा आहे, बोलतो कमी. मागच्या महिन्यात ती माझ्याकडे आली होती. स्वयंपाकघरात बसली असताना बाबाचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला, आम्हाला बोलतं करायच्या हौसेने.

देवदत्त म्हणाला, "मंगल, ती डोंगरातली ब्रुअरी बंद पडली गं. आता ती चव जगात फक्त तुझ्या गराजमध्ये आहे. लग्नासाठी दोन केग कर. माझी एवढीच इच्छा आहे."

मी म्हटलं, "मला जमलेली नाही ती. तूच म्हणायचास."

"काहीतरीच! तंतोतंत तीच होती. त्या ग्लासांच्या भानगडीच्या कितीतरी आधीपासून."

मी पोळी लाटत होते. मी काही बोलणार त्याच्या आधी रुही म्हणाली, "वेट, बाबा. आधीपासून म्हणजे?"

"अगं, उन्हाळ्यातच जमली होती तिला."

"मग पुढचा अख्खा फॉल सीझन तू एव्हरी सॅटरडे तिकडे कशाला ड्राइव्ह करत होतास?"

फोनमधून गाडीचा इंडिकेटर वाजत होता तेवढा ऐकू आला. मग, "बेटा, ट्रॅफिक आहे, नंतर बोलू."

रुहीने फोन ओट्यावर पालथा ठेवला. मला म्हणाली, "यू टोल्ड मी." मी म्हटलं, हो, आणि पोळी करपतेय, सरक.

दुसऱ्या दिवशी रुहीला त्याचा व्हॉइस मेसेज आला. आईला खूश करायला तसं म्हणालो, केग मिळावेत म्हणून, खरं म्हणजे तिला कधीच जमली नाही. रुहीने मला तो ऐकवला आणि म्हणाली, "आई, आय डोन्ट नो, कोण खरं बोलतंय." आणि विमानतळावर गेली. तिचं मन आज कुठे आहे ते मला माहीत नाही. विचारलेलंही नाही.

कलम ५. तरीही माझं राहतं घर, आतल्या सगळ्या वस्तूंसह, आणि कलम ३ मधलं सगळं सामान, मी रुहीला देते. तिने माझ्यावर विश्वास ठेवावा अशी अट नाही. सहा वर्षांत तिने बाबाला एकदा बरोबर प्रश्न विचारला, आणि तो मी शिकवलेला नव्हता. मला तेवढं पुरलं. देवदत्तने या घरात रात्री मुक्काम करू नये. वकील म्हणतो असली अट टिकणार नाही. टिको न टिको, लिहिलेली राहू दे.

कलम ६. त्या तांबड्या बिअरचं यीस्ट मी फ्रिजमध्ये बरणीत जपून ठेवलं होतं, त्यातून थोडं घेऊन दर हिवाळ्याला ती बिअर करायची. ती बरणी काल सिंकमध्ये ओतली आणि वरून गरम पाणी सोडलं. देवदत्तची इच्छा त्याच पाण्याबरोबर गेली. लग्नात ज्याला जे प्यायचं ते विकत आणून प्यावं. मी त्याआधी गेले तर लग्न पुढे ढकलू नये. हॉलवाला डिपॉझिट परत देत नाही.

कलम ७. माझ्या मागे मंडळाने शोकसभा घेऊ नये. तिथे उठून माझ्याबद्दल चांगलं बोलतील अशा बायकांची नावं मला पाठ आहेत.

कलम ८. साक्षीदाराला वाटणीतलं काही देऊ नये, असं वकिलाने सांगितलं. म्हणून शैलजाला द्यायची ती पैठणी मी कालच तिच्या घरी नेऊन दिली. आणि गिरीशचा माझ्या मोठ्या पातेल्यावर कित्येक वर्षं डोळा आहे, म्हणून त्याला दुसरा साक्षीदार केलं.

आज सकाळी दोघांना बसवून हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. कलम ३ संपलं तसा गिरीश म्हणाला, "वहिनी, ते ग्लासांचं काढून टाका ना. इतकी वर्षं झाली. देवा माझा मित्र आहे."

मी म्हटलं, "वहिनी म्हणू नकोस, ते नातं संपलं. खोटं असेल तर आत्ता सांग, शैलजासमोर खोडते. खरं असेल तर सहीच्या वर तसं लिही, रुही वाचेल असं. नाहीतर ऊठ, शेजारचा म्हातारा सही करायला तयार आहे."

चहा गार झाला. मग त्याने पेन मागितलं. एवढं लिहून, माझी सही करून त्याला देते.

ठिकाण: अल्फारेटा, जॉर्जिया
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५

सही: मंगल जगन्नाथ ढोबळे

साक्षीदार पहिली: शैलजा कुलथे. मंगलने आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

साक्षीदार दुसरा: गिरीश वाकणकर. मंगलताईंनी माझ्यासमोर सही केली. रुही, कलम ३ मधली ग्लासांची हकीकत खरी आहे. खुणा मीच केल्या होत्या. तुझ्या बाबाने दाखवलेला ग्लास तुझ्या आईच्या बिअरचा होता, आणि तो शनिवारी कशासाठी जातो हे मला त्याआधीपासून माहीत होतं.