कारखान्याला अध्यक्ष फार झाले

४ जानेवारी १९८८, सोमवार

आज काट्यावरच्या शरणप्पाने मला निलंबित केले!

शरणप्पा उसाच्या गाड्या तोलणारा कारकून. मी या साखर कारखान्याचा कार्यालय अधीक्षक, आणि दसऱ्याला संगणक बसल्यापासून त्या वातानुकूलित गर्भगृहाचा पुजारी. तरीही सकाळी माझ्या नावापुढे 'निलंबित' या अर्थाची इंग्रजी अक्षरे पडद्यावर लुकलुकत होती. धावत काट्यावर गेलो. (मी धावलो म्हणून दोघांनी आग कुठे लागली असे विचारले.)

"साहेब, म्या मुद्दाम न्हाय केलं! वजन भरताना खटका जास्तीचा दाबला. नवंच पान उघडलं. तुमचं नाव दिसलं, म्हणून लाडानं दाबलं!"

लाडाने! पुढे त्याच्याच करकमलांनी माझी पुनर्नियुक्ती झाली. पंचवीस वर्षांच्या निष्कलंक सेवेचा अंत आणि पुनरारंभ — एका कपातील चहा निवण्याच्या आत.

पण शरणप्पाला वजन भरण्यापलीकडे अधिकारच नाही. मग हे दार त्याला कोणी उघडले?

५ जानेवारी

परीक्षा घेतली. शेतकी विभाग, भांडार, टंकलेखन — ज्याने त्याने आपला परवलीचा शब्द टाकावा, तो खटका दाबावा, आणि यंत्राने त्याला साक्षात अध्यक्ष मानावे! भेदाभेद समूळ नष्ट. थोर आचार्यांना जन्मभर वाद घालून जे अद्वैत पटवता आले नाही, ते या पेटीने तीन महिन्यांत सिद्ध केले.

मीही क्षणभर अध्यक्ष होऊन पाहिले. स्वतःला बढती देणार होतो. अध्यक्षाहून वरचे पद सापडले नाही.

६ जानेवारी

विनोद संपला. मथुराबाई आल्या.

या बाई आमच्या सभासद. दोन एकर ऊस, एक विहीर, आणि जिभेला सदैव ताजी धार. कारखान्याचा नियम सरळ आहे — ज्याची लागवड आधी, त्याची तोड आधी. त्यांची लागवड पहिल्या पंधरवड्यातली. तरीही तोडणीच्या क्रमात त्या रोज मागे मागे सरकत आहेत.

"ओ शास्तरी, तुमच्या डबड्यात माजा ऊस हाय का त्योबी वाळला?"

"मथुराबाई, यंत्र निःपक्षपाती आहे."

"व्हय, लई निःपक्षपाती! हिरीत बादली बुडंना. महिनाअखेर तोडीची टोळी न्हाय आली तर ऊस न्हाय, चिपाडं तोडायची पाळी. आनि त्या शरणप्पाच्या मामाचा फड रिकामाबी झाला!"

शरणप्पाला बोलावले. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "मामाच्या लागवडीची तारीख तेवढी मागं घेतली, साहेब. एकच." शेतकी विभागात एकाचा व्याही निघाला — एकच. भांडारात साडू. तोही एकच! म्हणजे प्रत्येकाला ते दार ठाऊक होते, आणि प्रत्येकाची समजूत अशी, की ते केवळ आपल्यासाठी उघडले आहे.

बाई जाता जाता म्हणाल्या, "माजा कुनी मामा काट्यावर न्हाय, शास्तरी. एवढीच चूक झाली."

क्रमाचा कागद काढून त्यांच्या नावाखाली तांबडी रेघ ओढली. 

९ जानेवारी

पुण्याला ट्रंक कॉल. प्रणालीचे कर्ते शांतलिंग म्हणाले, संक्रांत झाली की स्वतः येतो. मी म्हणालो, "या. इथे अध्यक्षांची प्रजा वाढते आहे."

१५ जानेवारी

शांतलिंग एस.टी.ने अवतरले. मूळ मुरुमचे, वय तिशीचे, चष्मा पुण्याचा. दुरुस्तीच्या फ्लॉपी चकत्या धूळ लागू नये म्हणून स्टीलच्या डब्यात. वर आईने दिलेले तिळगूळ. मी आधी वरचा थर तपासला. निर्दोष होता.

दोषाचे मूळ दुपारी सापडले. दसऱ्याच्या मुहूर्तावर यंत्राला हार घातला, नारळ वाढवला आणि पहिले नाव नोंदले ते अध्यक्ष आण्णासाहेबांचे — समस्त अधिकारांसह. नंतरचा प्रत्येक माणूस यंत्राने पहिल्या नावाची प्रतिकृती काढून घडवला. पडद्यावर पदे निरनिराळी दिसली. आतून सगळे आण्णासाहेब!

"साहेब, पहिलं नाव शिपायाचं घालायचं असतं," शांतलिंग कळवळून म्हणाले. "कमीत कमी अधिकाराचं. मग गरजेपुरतं वाढवत जायचं."

"अध्यक्षांच्या आधी शिपाई? मग नारळ कोणाच्या हाती द्यायचा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. तंत्रशास्त्रात नारळाचा विचार झालेला नाही, हे उघड झाले.

१६ जानेवारी

दुरुस्ती तयार आहे. प्रतिकृती बंद, ज्याला त्याला त्याच्या कामापुरतेच दार. लागवडीच्या तारखाही दसऱ्याच्या मूळ चकतीवरून पूर्ववत होणार. मात्र शांतलिंगांनी एक प्रश्न टाकला — "पुढं तारीख बदलायचा अधिकार एकाकडं ठेवावा लागेल. आण्णासाहेबांकडंच ना?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

आण्णासाहेब दुष्ट नाहीत. पण "पाव्हणा हाय, बघा जरा" हे त्यांचे वाक्य यंत्राहून जुने आहे. त्या 'बघा जरा'पायीच गतवर्षीही मथुराबाईंचा ऊस मार्चच्या उन्हात उभा होता. पूर्वी वशिल्याचा झरा एकाच दारी वाहत होता. यंत्राने घरोघरी नळ दिले. आता दुरुस्ती करायची ती नळ तोडून झरा मालकाला परत द्यायला?

शांतलिंगांना थांबवून घेतले. त्यांना वाटते, पाहुणचारासाठी.

१८ जानेवारी

आमच्या सौ. पार्वतम्मेसमोर अधिकार-विभाजनावर प्रवचन केले. ती ज्वारी निवडत होती.

"ह्या घराचे मालक कोण?"

"मी," मी सावधपणे.

"कोठीची किल्ली कुणाकडं?"

"तुझ्याकडे."

"मग? मान तुम्हाला मिळतो, ज्वारी उंदराला मिळत न्हाई. दोघं सुखी."

मी सिद्धांत विस्तारू लागलो, तोच म्हणाली, "सुम्म कुंद्री!" — म्हणजे गप्प बसा. माहेरची कन्नड ती केवळ निर्णायक प्रसंगी काढते.

गप्प बसलो. आणि सुचले!

२६ जानेवारी

ध्वजारोहण झाले. आण्णासाहेबांचे भाषण प्रतिवर्षीचेच, पण माझ्या कानांना आज ते नवेकोरे वाटले.

"मी कसला अध्यक्ष? मी तुमचा शिपाई! आधी सभासदाचा ऊस तोडा, माझा अन् माझ्या पाव्हण्यांचा सगळ्यांत शेवटी!"

टाळ्या. याही प्रतिवर्षीच्याच.

आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. माईक हाती घेतला. 

"अध्यक्षमहोदयांची आज्ञा आजच शिरोधार्य! संगणकात त्यांची नोंद त्यांच्याच शब्दांप्रमाणे शिपाई अशी होईल. त्यांच्या निःस्वार्थ प्रेरणेने, लागवडीची तारीख यापुढे कोणालाही बदलता येणार नाही — स्वतः त्यांनाही नाही!"

टाळ्या वाजवाव्यात की नाही, म्हणून सगळे आण्णासाहेबांचे तोंड पाहू लागले. मग मागून मथुराबाई — "आरं, वाजवा की! हात काय बँकंत ठेवलेत?"

काय तो कडकडाट! आण्णासाहेबांचे स्मित जागचे हलले नाही; त्यामागचा माणूस मात्र थोडा वेळ कुठेतरी जाऊन आला. हात जोडून त्यांनी मान डोलावली. सभेपुढे दुसरे करणार काय?

दुपारीच दुरुस्ती बसवली. शांतलिंगांनी शेवटचे विचारले, "अगदीच बदलायची वेळ आली तर?"

"सर्वसाधारण सभेने ठराव करावा आणि तुम्ही पुण्याहून यावे. अख्खा दिवस एस.टी.त हाडे खिळखिळी करून कोणी अन्याय करायला येत नाही."

मग परीक्षा. शरणप्पाला आज्ञा दिली — मला निलंबित कर! त्याने खटका दाबला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा तर मूठ आपटली. यंत्र ढिम्म. गड्याच्या चेहऱ्यावर किंचित निराशा दिसली, तिला मी क्षमा केली. मामाखेरीज त्याने गुपचूप बदललेली एका चुलत्याची तारीखही पूर्ववत झाल्याचे त्याला तेव्हाच दिसले. "घरी जेवायला मिळतं का बघतो," म्हणाला.

नवा क्रम निघाला. मथुराबाईंच्या फडात परवा टोळी.

२७ जानेवारी

आण्णासाहेबांचा निरोप — शुक्रवारी बंगल्यावर या. पार्वतम्मेने लग्नातला कोट उन्हात घातला. निलंबन व्हायचे तर शोभेने व्हावे.

२८ जानेवारी

मथुराबाईंचा ऊस निघाला! वाळला नाही, रस आहे. सायकल दामटून स्वतः पाहून आलो. बाईंनी कोयत्याने एक कांडे सोलून हातात दिले.

"खावा, शास्तरी. दात हायेत का संस्कृतच हाय तोंडात?"

दात आहेत. गोड लागले. आता उद्या काय व्हायचे ते होवो.

२९ जानेवारी, शुक्रवार

बंगल्यावर आण्णासाहेबांचे मेव्हणे तक्क्याला टेकून बसलेले. मला पाहताच आण्णासाहेब कडाडले, "शास्त्री! पाव्हण्यांचा ऊस पुढं घ्या!"

"साहेब, यंत्र घेत नाही."

"मी अध्यक्ष सांगतोय!"

"तिथे आपण शिपाई आहात."

मेव्हणे पाय आपटत निघून गेले. फाटक वाजले. आण्णासाहेबांनी ते वाजल्याची खात्री करून घेतली, धपकन खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले. "बारा वर्षं ह्या माणसाला न्हाय म्हणायचं कारण शोधत होतो, शास्त्री! आता कुणीबी पाव्हणा आला की मी तुमच्यावर असाच वरडणार. तेवढं सोसा. अन् ते कुलूप उघडायचं कसं, हे मला कधीच सांगू नका — बायको भावापायी शपथ घालील."