ठकी उदयसिंहसाहेबांच्या दिवाणात व्याली

जुईनगर,
रविवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

राजमान्य हौसेराव पाव्हणं यांना जोतीरामचा रामराम. विहीणबाईंना माझा आणि आमच्या रंगूबाईचा नमस्कार सांगावा, जावईबापू यशराज यांना आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं. आमची राजेश्वरी वेळेवर जेवते का, तिचे पाय सुजतात का, असलं काही मी विचारणार नाही, कारण कराडात तुमच्या घरी ती सुखात आहे याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. (तरी सुजत असतील तर खाली उशी घ्यायला सांगावं.)

फोन असताना हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही कसं काय म्हणता, मी बरं हाय म्हणतो, मग दोघंही पावसापाण्याचं बोलून ठेवून देतो. ग्रुपवर लिहावं तर तिथं तुमचे पुतणे सकाळपासून गुलाबाची फुलं पाठवत असतात, त्यात माझं म्हणणं कुठं दिसायचं? म्हणून कागद घेतला. विषय मांजराचा आहे. दुसरा कुठलाही विषय नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आम्ही आतली खोली रंगवून घेतली होती. कॉट आणली, रंगूबाईनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, वाशीच्या मार्केटातून डिंक, खारीक, अळीव आणून डबे भरले. मग डॉक्टरनं प्रवास नको म्हणून सांगितलं, तुम्ही म्हणालात इथंच करू, आणि पोरगीही फोनवर म्हणाली, आई, मी इथंच बरी आहे. तुमचं काहीच चुकलं नाही, डॉक्टरच्या पुढं कुणाचं चालतं? रंगूबाई बरं झालं, दगदग वाचली असं म्हणाली, आणि आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. आमची काही तक्रार नाही. मी मांजराकडे येतो.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक करड्या रंगाचं भटकं मांजर आत आलं आणि फ्रिजवर बसलं. आमचं घर तळमजल्यावर, त्यामुळं जे येतं ते आधी आमच्याकडे. रंगूबाई म्हणाली, पोटुशी आहे. मी म्हणालो, खाऊन सुजलीय. उभा जन्म कांदा-बटाट्याच्या मार्केटात मापाडी म्हणून काढला, पोतं नुसतं बघून वजन सांगायचो, मला मांजराचं पोट कळणार नाही का? सीवूड्सच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हात लावल्याबरोबर रंगूबाईच्या बाजूनं निकाल दिला. (तिथं आणखी एक प्रकार झाला. नर्सनं बाहेर येऊन ठकीचे पप्पा कोण म्हणून विचारलं. मी मागं वळून बघितलं, मागं कुणीच नव्हतं. या वयात हे ऐकायचं राहिलं होतं.) ठकी हे नाव रंगूबाईनंच ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी निघताना एवढंच सांगितलं, की मांजर आपली जागा आपणच निवडतं, तुम्ही जबरदस्ती करू नका. आम्ही मान डोलावली आणि घरी येऊन तिला थेट आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

पाव्हणं, त्या खोलीत जे चाललं ते मी कुणाला सांगत नाही, तुम्ही घरचे म्हणून सांगतो. गोधडी अंथरली. खिडकीला फडकं लावलं, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून (ती अजून बाळंतीण व्हायची होती). ठकीला डोहाळे लागलेत असं ठरलं आणि ते मासळीचे निघाले. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि मी भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून बाजारात मांदेलीचा वाटा मागतोय. कोळणीनं मफलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वर दोन मांदेल्या जास्त टाकल्या. तिला काय वाटलं देव जाणे. मग एक दिवस रंगूबाईनं अळिवाची खीर करून ठकीपुढं ठेवली. ठकीनं वास घेतला, आणि मांजर ज्या पायानं आपली घाण झाकतं त्याच पायानं ती वाटीभोवती फरशी ओरबाडायला लागली. मला हसू आलं. रंगूबाई वाटी उचलत म्हणाली, राजेश्वरीलापण अळीव आवडत नाही. मग मला हसता येईना.

आता मुख्य प्रसंग. आमचे सेक्रेटरी उदयसिंहसाहेब पहिल्या मजल्यावर राहतात. माणूस शिस्तीचा, जिन्यात चप्पल दिसली तरी नोटीस लावणारा. सोसायटीच्या ऑफिसात गळतंय म्हणून मागच्या रविवारची मीटिंग त्यांच्या हॉलमध्ये ठेवली होती. पहिलाच विषय भटक्या मांजरांना आसरा देणारे सभासद, म्हणजे आम्ही. त्यात ठकी सकाळपासून गायब. पार्किंग बघून झालं, मीटरची खोली बघून झाली. रंगूबाई मीटिंगला आली, पण तिचं लक्ष सगळं खिडकीबाहेर. साहेबांनी उभं राहून ठराव वाचायला घेतला, आणि त्यांच्याच दिवाणातून बारीकसा आवाज आला. साहेब थांबले. पुन्हा वाचायला लागले, पुन्हा आवाज. शेवटी त्यांच्या मिसेस मोनालीताईंनी अर्धवट उघडा राहिलेला खण पुढं ओढला. आत साहेबांचा लग्नातला सूट, सासरकडून आलेला, घडी न मोडता जपलेला, आणि त्यावर ठकी. तीन पिल्लं दूध पीत होती, चौथं ती चाटत होती. ठराव तिथंच राहिला. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, आता हे सेक्रेटरींनाही लागू होईल का?

मला मात्र रंगूबाईची काळजी वाटली. रंगवलेली खोली, कॉट, गोधडी, एकाच महिन्यात दुसऱ्यांदा नको झाली होती. वाटलं, आता ही सगळ्यांदेखत रडते. ती दिवाणाजवळ खाली बसली, आत डोकावली, आणि एवढंच म्हणाली, तिला इथं बरं वाटलं. मग मोनालीताईंना तिनं विचारलं, ताई, मी रोज येत जाऊ का हिचं बघायला?

पिल्लं हलवायची नाहीत असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं, त्यामुळं साहेबांचा नाइलाज झाला. आता रंगूबाई सकाळ-संध्याकाळ जिना चढून जाते. पहिल्या दिवशी मोनालीताई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा टाकला, आता दोघी मिळून फडकी धुतात. साहेब स्वतःच्या घरात अनवाणी चालतात, पिल्लं दचकतात म्हणून. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या ओट्यावर आपल्या मांजराचं बाळंतपण करायचं, यात रंगूबाईला कमीपणा वाटत नाही. मी तिला तसं विचारलं, तर म्हणाली, आपण माणसाजवळ जायचं असतं, खोली कुणाची का असेना.

पाव्हणं, तेव्हापासून मी नुसता विचार करत बसलोय. माहेर म्हणजे ही खोली असं मी धरून चाललो होतो, म्हणून रंगाऱ्याच्या मागं लागलो. माहेर चपला घालून जिना चढून जाऊ शकतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. असो. मांजराचं एवढंच. घरात सगळ्यांना यथायोग्य सांगावं आणि गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

तुमचा,
जोतीराम

ता. क. : मांजराखेरीज दुसरा विषय नाही असं मी वर लिहिलं आहे. ते खरं नव्हतं.

आणखी ता. क. : लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे. लग्नापासून आम्ही दोनदा येऊन गेलो, दोन्ही वेळा स्टँडवरच्या हॉटेलात जेवलो आणि तुम्हाला भूक नाही म्हणून सांगितलं. विहीणबाईंना वाईट वाटलं ते मला दिसत होतं. ती रीत मी माझ्यापुरती मोडायला तयार आहे. रंगूबाईला बाळंतपणासाठी तुमच्याकडे यायची मुभा द्याल का? ती आपणहून विचारणार नाही, आणि हे पत्र मी लिहितोय हे तिला माहीत नाही. तुमच्या घरी अडचण असेल तर स्पष्ट सांगा, राग येणार नाही. (थोडा येईल, पण ओसरेल.) पिल्लांचं मी बघेन, मफलर धुऊन ठेवला आहे.

पाव्हणं, मी रंगूबाई. पत्र पोस्टात टाक म्हणून ह्यांनी पाकीट माझ्याच हातात दिलं, आणि ते चिकटवलेलं नव्हतं. मी वाचलं. मांजराचं सगळं सोडून द्या. विहीणबाईंना सांगा, मी त्यांच्या स्वयंपाकघरात लुडबुड करणार नाही, त्या सांगतील तिथं झोपेन. मला फक्त तिच्या उशाशी बसायचं आहे. अळीव आणणार नाही.